अकरा पानं पुढं

त्या दिवशी दुपारी मावशी खाटेवर झोपली होती, तेव्हा आईनं पुस्तकातला लाल दोरा उचलला आणि अकरा पानं पुढं नेऊन ठेवला. कुणी बघितलं नाही. बघायला होतं कोण? खोलीत त्या दोघी बहिणीच. एक घोरत होती आणि दुसरीच्या हातात दोरा होता.

दोरा ठेवला, पुस्तक मिटलं, परत उघडून बघितलं. मग आईनं सुरी घेतली आणि तिन्ही प्रती तिथंच फोडल्या. मावशी काही त्या खाटेवरून उठली नाही. संध्याकाळी पाचच्या आत गेली. आणि जाईपर्यंत तिची समजूत हीच होती की पुस्तक आपण सांगितलं तिथंच कापलंय.

आता हे कापणं काय, ते सांगायला पाहिजे. नाहीतर कुणाला वाटेल, बाई काय बोलतेय.

आमच्याकडं बाइंडिंगचं काम. घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, खळीचं भांडं, टोचा, सुया, पुठ्ठे, कापडाचे गठ्ठे आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब. दोन गल्ल्या सोडून लायब्ररी, तिथली फाटकी पुस्तकं आमच्याकडं यायची. लायब्ररीवाल्यांकडं त्या जादूच्या, राक्षसांच्या, राजवाड्यांच्या जाडजूड मालिका होत्या. एकेक खंड आठशे पानांचा, उशाला घ्यावा असा. लोक त्यावर तुटून पडायचे आणि दोन महिन्यांत पुस्तकाची पाठ मोडायची. म्हणून लायब्ररीवाल्यांनी आईला सांगितलं, ताई, एका खंडाचे तीन भाग करून बांधा, म्हणजे टिकेल पण आणि तिघांना एकदम वाचता पण येईल.

आई कापायची ती फर्म्यावर. फर्मा म्हणजे आठ पानांची घडी. पुस्तक म्हणजे अशा घड्या एकावर एक शिवलेल्या. दोन घड्यांच्या मधून कापलं की काम सरळ, एक पान सुटं होत नाही, आणि शिवण अशी बसते की माणूस जाईल पण पुस्तक राहील. आई घड्या मोजायची, तिनानं भाग द्यायची आणि कापायची. गोष्ट मध्येच तुटली तर तुटली. आईला काय त्याचं? ती वाचायचीच नाही. सातवीत शाळा सोडून ती कामाला लागली, म्हणून तर मावशीला पुढं शिकता आलं. हे आईनं कधी बोलून दाखवलं नाही असं म्हणतात. खोटंय ते. महिन्यातून एकदा तरी दाखवायचीच.

मावशी एका ऑफिसात टायपिंग करायची. ऑफिस बंद पडलं तेव्हा आमच्याकडं पंधरा दिवस राहते म्हणून आली आणि एकोणीस वर्षं राहिली. लग्नबिग्न नाही. एक बॅग, एक चष्मा आणि पायात आईच्या चपला. जेवताना वाचायची, चहा पिताना वाचायची, चष्मा लावूनच झोपायची. खळीचा ब्रश कधी धुवायची नाही, तो वाळून काठीसारखा व्हायचा आणि आई कपाळाला हात लावायची. बोलणं पण तिचं अर्धवट. बाजारातून यायची, ‘ताई, आज त्या शिंप्याच्या घरासमोर काय झालं माहितीये’ एवढं म्हणायची आणि टॉवेल घेऊन अंघोळीला जायची. आई बाथरूमच्या दाराबाहेर उभी. आतून नुसतं पाणी पडल्याचा आवाज.

टेबलाशी बसल्या बसल्या मावशी ते जाडे खंड वाचायला लागली. एकदा आई कापायला गेली तर मावशीनं सुरी धरली. म्हणाली, इथं नको गं, अजून बारा पानं थांब. आणि तिनं दोरा टाकला फर्म्याच्या ऐन मध्ये. गोष्ट अशी होती की एक पोरगी असते, तिच्या हातानं कुठलंही कुलूप उघडतं. ती एका पडक्या मनोऱ्यावर जाते, कडीला हात लावते आणि आतून कुणीतरी तिला तिच्या लहानपणीच्या नावानं हाक मारतं. बस, पान संपलं, भाग संपला. आता हाक कुणी मारली ते बघायला पुढचा भाग हातात पाहिजे, आणि तो दुसऱ्याकडं गेलेला.

मावशी तशीच जागा शोधायची. नुसता जीव टांगणीला लागून भागत नाही, तेवढ्यात पानही उलटायला आलेलं पाहिजे. दोन्ही जमून येईपर्यंत ती चाळीस चाळीस पानं पुढंमागं करायची.

लायब्ररीत गोंधळ झाला. एक टॅक्सीवाला पुढचा भाग ज्याच्याकडं होता त्याच्या घरी जाऊन बसला. रिटायर झालेले हेडमास्तर चपला उलटसुलट घालून आमच्या दारात आले. लोकांनी विचारलं, हे कापतं कोण? लायब्ररीवाल्यांनी सांगून टाकलं. तेव्हापासून मावशीचं नाव पडलं कात्रीबाई. कात्री तिनं उभ्या जन्मात हातात धरली नव्हती, पण नाव तिचं.

आणि आईचं काय? तर मावशीचा दोरा फर्म्याच्या मध्ये पडला की घडी फाटायची, पानं सुटी व्हायची. एकेक सुटं पान कापडाच्या पट्टीनं जोडायचं, वाळवायचं, मग शिवायचं. एका कापण्यामागं दोन तास जादा काम. ते आईनं केलं, त्या गोष्टीचे सहा खंड, एकोणीस वर्षं. कष्ट हिचे नि कौतुक तिचं. लोक यायचे ते आईच्या टेबलाला वळसा घालून खाटेकडं जायचे. ‘कात्रीबाई, काय हो हे, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.’ आईला विचारायचे, आत आहेत का? एका कॉलेजातल्या मुलीनं मावशीला लोकरीची शाल आणून दिली. ज्या पिशवीतून आणली ती पिशवी आईला दिली, कामाला येईल म्हणून. आईनं ती पिशवी कधी वापरली नाही आणि टाकली पण नाही.

घरात तेच. आमचे बाबा म्हणजे मौनीबाबा, वीस वर्षांत आईच्या एका गोष्टीला हसले असतील तर शपथ. मावशी ताटावर बसून त्या राक्षसाचं सांगायला लागली की त्यांचा घास हातात राहायचा. मावशी ऐन जागी थांबायची आणि म्हणायची, भाजी वाढ गं ताई. मग बाबा आईकडं असे बघायचे की जसं काही गोष्ट आईनंच थांबवलीय. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई शेजारणीला म्हणायची. मावशीच्या तोंडावर नाही.

तोंडावर वाद व्हायचा तो वेगळाच. आई म्हणायची, माणूस दिवसभर राबून येतो, दोन पानं वाचतो, त्याला शांत झोप लागू दे की. जिथं सगळे दमून बसले, पोटाला काही मिळालं, तिथं थांबव. मावशी म्हणायची, मग परत कशाला येईल तो? आई म्हणायची, आवडलं तर येईल. मावशी चष्म्यावरून बघायची. ‘ताई, माणूस आवडलं म्हणून परत येत नाही. काहीतरी राहिलंय म्हणून येतो.’ यावर आई खळ ढवळत बसायची. खळीत गुठळ्या नसल्या तरी ढवळायची.

तर त्या कुलूपवाल्या पोरीच्या गोष्टीचा तो शेवटचा खंड. सातवा. लोकांनी सहा वर्षं वाट बघितलेली. लायब्ररीवाल्यांनी एकदम तीन प्रती आणल्या. मावशीनं पाच दिवसांत वाचला. पहिलं कापणं आदल्या दिवशी झालं. दुसऱ्यासाठी तिनं सकाळी लाल दोरा टाकला आणि म्हणाली, छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय, पित्त असेल, पडते. डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणाली उद्या.

तेवढ्यात हेडमास्तर आले. आईनं नुकतंच एका पुस्तकाला कापड चढवलं होतं, ओलं होतं. हेडमास्तरांनी त्या ओल्या कापडावर आपली छत्री ठेवली. बघितलंच नाही. खाटेजवळ जाऊन मावशीला म्हणाले, ‘कात्रीबाई, हा शेवटचा खंड तुमच्या हातचा आहे, एवढं एकच सुख राहिलंय आता.’

तुमच्या हातचा. आईनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. बोटांना सुईची भोकं, नखात वाळलेली खळ. छत्री उचलली, तर कापडावर वळ उठलेला. हेडमास्तर गेले. मावशीला झोप लागली. आणि आईच्या पोटात जे काही इतकी वर्षं शिजत होतं ते उतू गेलं.

तिनं दोरा होता तिथून वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून, ओठ हलवत. आयुष्यात पहिल्यांदा. त्या पोरीचा एक राखाडी घोडा असतो. राक्षस अख्खा समुद्र पिऊन बसलेला असतो आणि ते कुलूप त्याच्या घशात असतं. आईला मागचं काही माहीत नव्हतं, मागचं तिनं वाचलंच नाही. ती पुढं पुढं गेली. अंधार, वास, घोडा घाबरतो, कुलूप उघडतं, समुद्र बाहेर येतो. मग ती पोरगी ओल्या वाळूवर बसते. पहिली लाट घोड्याच्या पायाला लागते. ती शेकोटी पेटवते, भाकरीचा तुकडा खाते आणि घोड्याला टेकून झोपते. तिथं पान संपलं. आईनं घडी बघितली. फर्मापण तिथंच संपत होता. एक पान सुटं होणार नव्हतं. अकरा पानं पुढं.

आई नंतर म्हणाली, देवानंच कापून ठेवलं होतं बघ तिथं.

तिनं तिन्ही प्रती फोडल्या आणि शिवायला घेतल्या. चारच्या सुमाराला मावशीला जाग आली. चेहरा उतरलेला, कपाळाला घाम.

‘कापलंस?’

‘कापलं.’

‘तिथंच ना?’

‘तिथंच.’

‘सुटी किती आली?’

आईचा हात थांबला नाही. ‘सहा. तीन इकडं, तीन तिकडं.’

मावशीनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, ‘फार त्रास दिला गं तुला ताई मी. सगळी वर्षं तुलाच चिकटवायला लागलं.’

एकोणीस वर्षांत असं ती कधी बोलली नव्हती. आणि बोलली ती नेमकं या दिवशी. आई म्हणाली, चहा टाकते. चहा घेऊन आली तर मावशीची मान उशीवरून घसरलेली होती आणि चष्मा नाकावर तसाच. डॉक्टर आला, त्यानं घड्याळ बघितलं.

पुढचं सगळं लोकांनी उरकलं. लोक म्हणजे लायब्ररीतली निम्मी माणसं. टॅक्सीवाला तर आमच्या बाबांपेक्षा जास्त रडला. आईकडं जो तो येऊन सांगायचा की तुमच्या बहिणीनं आमची किती झोप घालवली. आई मान हलवायची. तिच्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही, सांगणार तरी काय, तुमची शिवण उसवली नाही म्हणून? दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी बसली आणि पुठ्ठे चढवायला लागली. सगळे म्हणाले, राहू दे आता. ती म्हणाली, हात रिकामे राहिले की डोकं चालतं. तिसऱ्या दिवशी लायब्ररीवाले पुस्तकं घेऊन गेले.

आई वाट बघत होती. म्हणजे तसं तोंडानं बोलली नाही, पण दाराकडं तिचा कान होता. लोकांना कळेल, आता कुणीतरी विचारेल, हे कुणी कापलं? पंधरा दिवस गेले, कुणी फिरकलं नाही. मग लायब्ररीवाले दुसऱ्या कामासाठी आले, तेव्हा त्यांनी सांगितलं. लोक वाचतायत, पण कसे शांत झालेत. भांडण नाही, नंबरासाठी ओढाओढ नाही. हेडमास्तर म्हणाले, जाताना कात्रीबाईंना दया आली, सगळ्यांना मोकळं करून गेल्या. आता सगळे तेच म्हणतायत. आपण चाललोय हे त्यांना कळलं होतं हो, असं म्हणून लायब्ररीवाल्यांनी डोळे पुसले.

आईनं पण पुसले. पण त्या रडण्यात काय काय होतं ते तिचं तिलाच माहीत. मावशी जिवंत होती तेव्हा आईचं काम हिच्या नावावर. आता मेली तर आईची खोडीसुद्धा हिच्याच नावावर. आयुष्यात एक जागा स्वतः वाचून निवडली, बोट ठेवून ठेवून, आणि तिचंही श्रेय सरळ उठून खाटेकडं गेलं. रिकाम्या खाटेकडं. आई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. बाबा म्हणाले, बहिणीचं दुःख आहे. होतंच की. तेही होतं.

मग एक दिवस मागच्या गल्लीतली नर्स आली. ही मावशीची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, सात खंड पहिल्यापासून वाचलेली. संध्याकाळच्या ड्यूटीला जाता जाता आली होती, हातात पुस्तकाचा दुसरा भाग. यावेळी ती खाटेकडं बघून थांबली आणि मग आईच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, ‘ताई, एक विचारू का, राग मानू नका. शेवटी शेवटी त्यांचा हात थकला होता का हो?’

आईनं विचारलं, का?

नर्स म्हणाली, हा भाग वाचला, मिटला आणि झोपले. छान झोप लागली. पण तिसरा भाग आणायचं आठ दिवस डोक्यातच आलं नाही. समुद्र आला, पोरगी जेवली, झोपली, झालं की सगळं. अजून दोन-अडीचशे पानं आहेत हेच विसरले. असं कधी झालं नव्हतं. सगळे म्हणतात दया आली. मला नाही वाटत, त्या बाईला कसली दया. मला वाटतं त्यांना ठीक वाटत नसणार, कुठंतरी टाकला असेल दोरा.

आता इथं आईला गप्प बसता आलं असतं. लोकांनी मावशीला नावं ठेवावीत, हे तर तिला किती वर्षं हवं होतं. आयतं आलं होतं चालून. पण ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. कुठंतरी? मावशी दोरा कुठंतरी टाकेल? चाळीस पानं पुढंमागं करणारी?

‘तिचा हात थकला नव्हता,’ आई म्हणाली. ‘तो माझा हात आहे. तिनं दोरा टाकला होता तो मी उचलला.’

 नर्सनं पुस्तक आईपुढं सरकवलं. आईनं शेवटून पानं मोजली, अकरा, आणि दाखवलं. नर्स तिथून थोडी मागं गेली आणि मोठ्यानं वाचायला लागली, बहुतेक आईला ऐकू यावं म्हणून. पोरगी घोड्याच्या कानात सांगते की आत गेल्यावर माझा आवाज आला नाही तर तू मागं फिर. घोडा मागं फिरत नाही. दोघं राक्षसाच्या जिभेवर उभे असतात. पोरगी वळून बघते तर दातांच्या मधून एवढंसं आभाळ दिसतंय, आणि ते बारीक होत होत जातं.

नर्सचं बोट पानाच्या कोपऱ्यावर गेलं. आईनं पानावर तळहात दाबला.

‘इथं.’

दोघी तशाच बसल्या. नर्सला पुढचं सगळं पाठ होतं, तरी तिनं हात मागं घेतला नाही. आईनं पण पुढचं वाचलं होतं. पण तिनं ते दोऱ्यापासून वाचलं होतं, दोऱ्यापर्यंत नाही. तिला वाटलं, पान उलटून बघावं. आपणच शिवलेलं पुस्तक, आपल्याच टेबलावर, आणि आपल्यालाच धीर धरवत नाही.

नर्स म्हणाली, ‘आणि मी अशी ड्यूटीवर गेले असते. तिघा जणांना चुकीची सुई टोचली असती मी.’ आणि हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली.

आई म्हणाली, ‘सहा पानं सुटी आली असती.’

‘मग?’ नर्स म्हणाली.

मग काय?  नर्स घड्याळ बघून उठली. दुसरा भाग तिनं टेबलावरच ठेवला आणि त्याच प्रतीचा तिसरा भाग लायब्ररीतून उद्या आणून देते म्हणाली. कशासाठी ते आईनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स तिसरा भाग देऊन गेली आणि आईनं ती शिवण उसवली. स्वतःची शिवण स्वतः उसवणं म्हणजे काय असतं ते बाइंडिंगवाल्यालाच विचारा, टोचा लागत नाही, दोरा सुटत नाही. अकरा पानं काढून तिसऱ्या भागाला लावली. तीन इकडं, तीन तिकडं, सहा सुटी. पट्ट्या कापल्या, चिकटवल्या, वाळवल्या. मध्ये एकदा मावशीला शिव्या पण दिल्या, ही काय जागा आहे म्हणून. सगळं दाबात घालून ठेवलं आणि जेवायला उठली तेव्हा चार वाजून गेले होते.

आठवड्यानं लायब्ररीवाले पुस्तक न्यायला आले. उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, ताई, याचा तिसरा भाग बाकीच्या दोन प्रतींपेक्षा जाड कसा?

‘पुठ्ठा जाड लागला,’ आई म्हणाली.

मग बाकीच्या दोन पण आणून देऊ का, सगळ्या सारख्या होतील, असं त्यांनी विचारलं.

‘नको,’ आई म्हणाली. ‘त्या बऱ्या आहेत.’